पहिल्या धुण्याचं पाणी

३० मे २०११, सोमवार
पोचले एकदाची. ओसाकाहून निघताना आईनं इतकं खायला बांधून दिलं, जणू उत्तरेत तांदूळ पिकतच नाही. संगणक दुरुस्तीचं दुकान टेकडीवर आहे म्हणून मार्चच्या त्सुनामीतून वाचलं. खाली गाव होतं तिथं आता नुसता चिखल. मालक उसुझावासान सत्तरीचे, बोलायला महाकंजूष. माझी बडबड दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "काय गं ओसाकावाले, हातही एवढेच चालतात का तुझे?" मला हसू फुटलं. म्हाताऱ्याशी माझं जमणार.

२ जून, गुरुवार
काम आवडलं. लाटेत बुडालेल्या हार्ड डिस्क लोक ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात, कारण वाळली की मीठ आत कायमचं चिकटतं. मी ती उघडते, आरशासारख्या तबकड्या सुट्या करते, शुद्ध पाण्यात मऊ ब्रशनं चिखल सोडवते. मग अल्कोहोल, मग गाळलेल्या हवेखाली वाळवण. तबकड्या त्याच जातीच्या धडधाकट डिस्कमध्ये बसवल्या की आतलं वाचता येतं. नशीब असेल तर.

इथला एक नियम मात्र अजब आहे. पहिल्या धुण्याचं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते झाकणाच्या बादलीत साठवायचं, आणि दर शनिवारी उसुझावासान उदबत्ती घेऊन ते समुद्रात सोडून येतात. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "त्या चिखलात कोण आहे ते तुला ठाऊक आहे का? मलाही नाही. म्हणून."

६ जून, सोमवार
हाकोइशीबाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. मुलगी चिनात्सु, सात वर्षांची, अजून सापडलेली नाही. अठरा तारखेला लाटेपासूनचा शंभरावा दिवस. त्या दिवशी देहाशिवायच अंत्यविधी करायचं त्यांनी ठरवलं आहे, पण वेदीवर ठेवायला फोटो नाही. घराबरोबर सगळे गेले. "चेहरा नीट दिसेल असा एक द्या. एकच पुरे," म्हणाल्या. डिस्कचं पुडकं माझ्या हातात देऊनही त्यांना ते सोडवेना. मला फार वाईट वाटलं.

८ जून, बुधवार
उसुझावासान गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. बादली काठोकाठ भरलेली. चिनात्सुच्या डिस्कचं पहिलं पाणी, काळं आणि कुजकट वासाचं, मी मोरीत ओतलं आणि वर नळ सोडला. तांब्याभर तर होतं. त्यांना सांगितलं नाही. उगाच कटकट.

९ जून, गुरुवार
वाचता आली! चारशे फोटो निघाले, पण समोरून चेहरा एकाच फोटोत. फाटकापाशी उभी, पाठीवर नवं लाल दप्तर, पुढचा दात पडलेला, तरी तोंडभर हसते आहे. मी आनंदानं रडले. बाईंना फोन केला. सतराला न्यायला येते, म्हणाल्या.

११ जून, शनिवार
फोटोत तिचे बूट ओले आहेत. फाटकाखाली डबकं. परवा मी नीट पाहिलं नसेल.

१३ जून, सोमवार
पाणी गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या संगणकावर प्रत काढली, तिच्यातही तेवढंच. कागदावर छापला. दुपारी कागदावरही वाढलं होतं.

उसुझावासानना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोरीची जाळी उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "पाण्याला वाट मिळाली नाही, पोरी, की ते जुन्या जागी परत येतं."

१५ जून, बुधवार
कमरेपर्यंत. ती आता हसत नाहीये.

मोरीच्या नळीतला गाळ खरवडून उसुझावासान समुद्रावर गेले, लंगडत. परत आल्यावर म्हणाले, चेहरा तेवढाच कापून छाप. मी कापला. तासाभरात कापलेल्या फोटोच्या खालच्या कडेशी पाणी आलं.

कापलेला फोटो टाकून दिला.

१६ जून, गुरुवार
छातीपर्यंत. दप्तर तरंगतंय. ती माझ्याकडे बघते. कुठेही बसले तरी माझ्याकडेच —

फोटो पुसून टाकू? मग बाईंकडे काय उरलं? आणि ठेवला तर ती —

भीती वाटते. लाजही वाटते.

१७ जून, शुक्रवार
बाई आल्या. पाणी हनुवटीला टेकलेलं. संगणकाचा पडदा बंद करायला धावले, पण त्यांनी पाहिलंच. किंचाळल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला पोहता येत नाही हो." मग मला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं.

थांबले. आत आले तर —

खुर्ची ओली. खाली चपलांचा जोड. या खोलीला दुसरं दार नाही, खिडकी नाही.

फोटोत दोघी आहेत. बाईंनी तिला खांद्यावर घेतलंय. चिनात्सुचा चेहरा पाण्याच्या वर. कोरडा. ती हसतेय.

बाईंच्या गळ्यापर्यंत —

उसुझावासान दारातून ओरडताहेत, बंद कर, लिहू नकोस, बाहेर ये. कसं बंद करू? ओतलं मीच.

ओठांपर्यंत. बाईंनी तिला डोक्याच्या वर उचललंय. माझ्यापुढे धरलंय. "घ्या," असंच म्हणताहेत, दुसरं काय म्हणतील. हात जरा लांब केला की तिचं दप्तर बोटांना —