टोकाला वळसा

२ जानेवारी १९६४, बंगलोर
कंटाळा. फॅक्टरीची बस, ड्रॉइंग बोर्ड, परत बस. माणसाने चाललं पाहिजे. ठराव: संक्रांतीच्या सुट्टीत कारवार, म्हणजे बायकोचं, अहल्येचं माहेर. डोंगराची टोकं समुद्रात घुसली आहेत, ती एकेक ओलांडत दिवसभर चालायचं आणि पलीकडून गावात उतरायचं. बायकोला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. म्हणाली, खरंच? दर सुट्टीला म्हणता. बायकांना मागचं फार आठवतं.

५ जानेवारी, रविवार
सराव. लालबागेतल्या खडकावर चढलो. अर्ध्यावर वारा वाईट होता. उतरून डोसा खाल्ला. शेजारचे शिवाप्पाअण्णा भेटले. म्हणाले, स्वल्प चाललं तरी पुरे. अशा वृत्तीने देश कसा पुढे जाणार?

८ जानेवारी
कॅनव्हासचे बूट घेतले. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. साहेब म्हणाले, आल्यावर क्लबात अनुभव सांगा. भाषण तयार आहे. चालणं तेवढं बाकी.

१२ जानेवारी, कारवार
हुबळीपर्यंत रेल्वे, मग घाटातली बस. पोटाने साथ दिली नाही. अहल्येची मावशी सकवारबाई, सत्तरीची, अनवाणी. उद्या तीही येणार म्हणते. दमली की उचलून कोण आणणार? मीच. नेत्याला सुटका नसते.

१३ जानेवारी, सकाळ
पहिलं टोक. बूट चावतात. खाली लाटा खडकावर आपटतात आणि वाट म्हणे त्यांच्या कडेनेच आहे. मावशी म्हणाली, जावईबापू, ओहोटी आहे, चला. मी समुद्राचा अभ्यास केला. धोका आहे. अहल्या म्हणाली, तुम्ही थांबा, आम्ही जातो. परवानगी दिली. गावाच्या बाजूने कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच.

दुपार
किनाऱ्यावर येरझारा. चहा. येरझारा. भरती चढते आहे. मी उगाच घाबरणाऱ्यांतला नाही. कोळ्यांना होडी काढायला लावली.

संध्याकाळ
सापडल्या. होडीवाल्यांना नाही. दोघी आपल्या पायांनी बाजारातून आल्या, पदरात शिंपले, हसत. अख्खा किनारा माझ्याकडे बघत होता. अहल्येचं तोंड उन्हाने लाल झालं होतं. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी शिंपले मोजायला घेतले, दोनदा चुकलो. खारा वारा बाधतो.
म्हणाली, लग्नापासून तुमच्यासाठी थांबत थांबत चालले, आज पहिल्यांदा सलग चालले. मग म्हणाली, महिनाभर इथेच राहीन म्हणते. मी 'सरी' म्हणालो, म्हणजे बरं. कानडीत नकार द्यायला जमत नाही.

१६ जानेवारी, बंगलोर
एकटाच पोचलो. दाराला कुलूप. किल्ली अहल्येच्या कमरेला, कारवारात. पायरीवर बसून लिहितो आहे. शिवाप्पाअण्णा कॉफी घेऊन आले. विचारलं, अक्का कधी येणार? लवकरच, म्हणालो. त्यांनी कुलपाकडे पाहिलं. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणालो.