फिजिओबाईंचं आणि माझं

३ फेब्रुवारी
लग्न जुळवायच्या अ‍ॅपवरच्या फिजिओबाईंना कॉफीला भेटलो. माझं बोलणं छान रंगलं. ती ऐकत होती. अर्धा कप तसाच टाकून उठली, पेशंट आहे म्हणाली. कामसू आहे. लग्नानंतर क्लिनिक चालू ठेवायला माझी हरकत नाही.

४ फेब्रुवारी
तिचा मेसेज: भेटून बरं वाटलं, पण आपलं जमेल असं वाटत नाही. 'बरं वाटलं' महत्त्वाचं. बाकीचं बायका लिहितातच.

९ फेब्रुवारी
ब्लॉक केलं. लाजते. नवीन सिम घेतलं. संकल्प: दिवसाला एकच मेसेज.
संध्याकाळी: संकल्पात गुड मॉर्निंग धरलेलं नाही. गुड नाइटही.

२० फेब्रुवारी
चौकीतून फोन. तिने तक्रार केली म्हणे. हवालदार म्हणाले, कशाला त्या बाईच्या मागे लागता, सोडून द्या. मी म्हणालो, साहेब, घरातली भांडणं आहेत. ते हसले. म्हणाले, बाईंनाही सांगितलंय, अ‍ॅप काढून टाका, विषय संपला. कायदा समजूतदार आहे. तीच नाही.
दुकानात एका काकूंच्या चष्म्याला भलत्याच नंबरच्या काचा बसवल्या. तिच्यामुळे.

२ मार्च
तिच्या नावाने, तिचा फोटो लावून, नवीन प्रोफाइल तयार केलं. क्लिनिकचा पत्ता, नंबर, खाली एक ओळ: 'कधीही या, एकटीच असते.' कसले कसले पुरुष असतात हे एकदा कळलं की माझी किंमत कळेल. रागाने केलेलं नाही.

७ मार्च, दुपारी
क्लिनिकसमोरच्या बसस्टॉपवरून पाहिलं. दोन पुरुष आत गेले. एक हसत बाहेर आला. दुसरा येईना. आतून तिचा आवाज आला, मग शेजारचा केमिस्ट धावला. मी मदतीला जाणारच होतो, तेवढ्यात बस आली.

१५ मार्च
क्लिनिकची पाटी उतरवली. केमिस्ट म्हणाला, बाई आईकडे गेल्या, दार वाजलं तरी दचकतात. आईची ओढ असलेल्या मुली संसारी निघतात.

२८ मार्च
सायबर शाखेच्या इन्स्पेक्टरबाई घरी. म्हणाल्या, पहिल्या तक्रारीलाच आम्ही यायला हवं होतं. मी म्हणालो, हो ना, गैरसमज तेव्हाच मिटला असता. फोन घेतला. ताईने लॅपटॉप स्वतःहून आणून दिला. सख्खी बहीण. भाऊजी मान खाली घालून बसले होते.

१२ जून
कोर्ट. वकिलांनी बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. त्यांचा मुद्दा: लॅपटॉप घरात सगळेच वापरायचे, प्रोफाइल ह्यांनीच केलं कशावरून?
ती आली. बारीक झालीय. वकिलांनी विचारलं, ह्यांना ओळखता? माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, भेट एकदाच झाली होती. मेसेज सगळे पाठ आहेत, चेहरा आठवत नाही.
वकील खूश.
मी उठलो. म्हणालो, नीट बघ, मीच तो. तुझ्यासाठी एवढं कोणी केलं असतं? प्रोफाइलवरचा फोटोसुद्धा मी तुझा सगळ्यात चांगला निवडला होता.
वकिलांनी फाईल मिटली. न्यायाधीशबाईंनी लेखनिकाला शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितला. मग तिला विचारलं, आता ओळखता का?
ती म्हणाली, नाही.