दोन दगडांमधले बारा सेकंद

बाई, इथं आखातात मी पाण्याचा टँकर चालवतो. रस्त्यात एक शाळा लागते, तिच्यापुढं खांबावर कॅमेरा आहे. गाडी वेगात दिसली की तो नंबरासकट फोटो काढतो. सगळे ड्रायव्हर खांब येईस्तोवर गाडी रांगवतात आणि खांब मागं पडला की पाय दाबतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी टँकर कडेला घेऊन ओकलो. सोबतचा बोलला, ऊन लागलं असेल.

तुमच्याकडं कॅमेरा नव्हता, मनगटावरचं घड्याळ होतं. पेणहून धरमतरकडं भरावाची माती नेणारे आमचे डंपर शाळेपुढून धावायचे. तुम्ही पोरांकडून शंभर पावलं मोजून घेतलीत आणि शाळेच्या अलीकडं एक, पलीकडं एक, असे दोन दगड चुन्यानं रंगवलेत. या दगडापासून त्या दगडापर्यंत बारा सेकंद लागलेच पाहिजेत. कमी लागले की डंपरचा नंबर व्हरांड्यातल्या फळ्यावर, सुविचाराच्या जागी. कंत्राटदार रोज येऊन फळा बघायचा आणि ज्याचा नंबर असेल त्याला दुसऱ्या दिवशी गाडी नाय. हे त्याच्याकडून तुम्ही कसं कबूल करून घेतलंत, तुम्हालाच ठाऊक.

एक दिवस माझा नंबर लागला. तुमच्याच वर्गात चौथीला दोनदा बसलेला मी, वाटलं ओळख चालेल. बोललो, बाई, निदान माझा तरी पुसा. तुम्ही घड्याळावरची नजरसुद्धा काढली नाय.

"चौथीचा निकाल पुसला होता काय रे मी तुझा?"

पोरं फिदीफिदी हसली. त्या रागात मी टपरीवर गेलो आणि सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, दुसऱ्या दगडापर्यंत रांगत जा, मग दाबा, दगडाच्या पुढं बाई बघत नाय. आठवड्यात फळा कोरा झाला, सुविचार परत आला. तुम्ही मला हाक मारून थांबवलंत, डब्यातल्या तिळाच्या दोन वड्या हातावर ठेवल्यात. तू समजावलंस ना त्यांना, म्हणालात. मी व्हय बोललो. वड्या तिथंच उभ्या उभ्या खाल्ल्या.

रोह्याला घरी जायला तुम्ही आधी पेणची एस्टी धरायचात. तो थांबा दुसऱ्या दगडाच्या पुढं. टपरीवर बोलताना ते माझ्या ध्यानात नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असतो. शनिवार आहे, सकाळची शाळा सुटलीय, तुम्ही रस्ता ओलांडताय. माझ्या पुढचा डंपर दगडापर्यंत शिस्तीत जातो आणि मग उसळतो. मी उतरून धावतो. तुमची एक चप्पल रस्त्याच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. त्या डंपरचा ड्रायव्हर उतरून माझा दंड धरतो.

"तूच बोललेलास ना, पुढं कोण बघत नाय."

"गप. एक शब्द काढू नको."

त्यानं नाय काढला. ठाण्यात नाय, कोर्टात पण नाय. शिक्षा त्याला झाली.

इकडं यायच्या आधी मी रोह्याला तुमच्या घरी गेलो होतो. तुमच्या यजमानांनी, सरांनी, चहा केला. म्हणाले, ती सांगायची, तुझ्यामुळं डंपरवाले सुधारले. मी कप खाली ठेवून निघालो. सर अजून त्याच घरात आहेत, पत्ता मला पाठ आहे. सांगायचं ते त्यांना सांगायला हवं. तरी हे तुम्हाला लिहितोय बाई, कारण तुमच्या नावानं लिहिलं की टपालाच्या पेटीत टाकावं लागत नाय.