समोरच्या गच्चीवरचं ऊन

१२ जानेवारी

ती. आजीस,
नातीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा. तुझ्या समोरच्या टॉवरमध्ये आम्ही घर घेतलं, नववा मजला! हे राहायलाही गेले. माझी हॉस्पिटलातून बदली झाली की मी येते. खिडकीतून तुझी गच्ची, दोरीवरचे कपडे, सगळं दिसतं म्हणे. आता ती खोली सोड नि आमच्याकडे ये. लोकांची धुणी पुरे झाली.

तुझी माया आहे तशीच राहो.
नात

२० जानेवारी

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

घर घेतलंस, छान. तुझ्या नवव्या मजल्याची सावली दुपारनंतर माझ्याच गच्चीवर मुक्कामाला असते. खोली सोडणार नाही. तुमच्याकडे बाहेर कपडे वाळत घालायला बंदी. घर सोन्याचं, ओल्या टॉवेलला जागा नाही! म्हणून अर्ध्या टॉवरचं धुणं माझ्याकडे. ते सोडून तुझ्याकडे काय भिंतीवरचं चित्र होऊन बसू?

आणि ऐक. टॉवरवाल्यांनी आमच्या मालकाला अर्ज दिलाय, ही इमारत दिसायला घाण आहे, पाडून गाड्या लावायला जागा करा. तो टपलेलाच. वॉचमन म्हणाला, त्यावर नातजावयाचीही सही आहे. रविवारी पाया पडून गेला, सोमवारी पाय ओढला.

लोभ आहे तेवढा पुरे, वर सल्ला नको.
आजी

२८ जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

ह्यांना विचारलं. कागद लिफ्टमध्ये फिरत आला, सगळ्यांनी केली म्हणून ह्यांनीही सही केली, वाचलंच नाही म्हणतात. आता मागे घेतली तर शेजारी तोंड वाकडं करतील. तुझ्यासमोर यायला लाजतात. रागावू नकोस गं.

तुझीच,
नात

९ फेब्रुवारी

चि. नातीस,
आशीर्वाद.

रागावते कशाला? सह्या करणाऱ्यांचे कपडे धुतले आणि ओलेच परत पाठवले. निरोप दिला, घाण गच्चीवर तुमच्या चादरी कशाला? चार दिवस घरोघरी पंख्याखाली विजारी. मग त्यांचा सेक्रेटरी ओलं गाठोडं काखेत मारून आमचे जिने चढला. धाप लागली, पाणी दिलं. एकेक करून सह्या मागे गेल्या. मालक गप्प आहे. कायमचा नाही, एवढं मलाही कळतं.

एक सही तेवढी राहिलीय. तिचे शर्ट आजही ओलेच पाठवलेत. घरचा माणूस, म्हणून पिळलेसुद्धा नाहीत.

तुझ्यावर लोभ आहेच, तो वाळलेला आहे.
आजी