छापील वेळेआधीचा ठिपका

४ सप्टेंबर १९६२

नेब्रास्कातल्या या टीचभर गावात मास्तरीण म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी जीव रमला. खोली ऑर्विल आणि मेव्हिस स्टँग या म्हाताऱ्या जोडप्याकडे, वरच्या मजल्यावर. दिवेलागणीला सगळं गाव कुरणाच्या कडेला खुर्च्या टाकून आभाळाकडे तोंड करून बसतं. सरकारनं अवकाशात सोडलेला चकचकीत फुग्यासारखा उपग्रह डोक्यावरून कधी जाणार, ते वर्तमानपत्रात छापून येतं. तो दिसल्यावर जो पहिला ओरडेल, त्याला मेव्हिसच्या ॲपल-पायचा मोठा तुकडा. ऑर्विल म्हणाला, बाई, तुमची मान अजून शहरी आहे, आठवड्यात वळवून देतो. मी म्हटलं, मानेचं सोडा, तुकडा तेवढा तयार ठेवा!

७ सप्टेंबर

हावरटपणा नडला. छापील वेळ व्हायची होती, तोच मावळतीला ठिपका दिसला. "दिसला!" म्हणून ओरडले आणि वर कुणी असेल तर नमस्कार पोचावा म्हणून टॉर्च तीनदा लुकलुकवला. एकानंही वर पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना खाली, टोप्या डोळ्यांवर. मेव्हिसनं माझं मनगट वळ उठेपर्यंत आवळलं. वेळेआधी येतो तो फुगा नसतो, तेव्हा मान खाली घालायची, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं गं, म्हणाली.

ठिपका जागीच थांबला. तीनदा लुकलुकला आणि विझला.

८ सप्टेंबर

ऑर्विलच्या गाई कुरणात सपाट झाल्यात. वरून कुणी टाचेखाली चिरडाव्यात तशा. बरगड्या मातीत रुतल्यात, रक्त कुंपणापर्यंत उडालंय. ऑर्विल खोऱ्यानं गोळा करत होता. मेव्हिस म्हणाली, हाक मारलीस ना, आता ते तुझं घर शोधतंय.

मला भीती वाटते. सकाळच्या बसनं जाईन.

९ सप्टेंबर

ड्रायव्हरनं मला बसमध्ये घेतलं नाही. तू गेलीस तर ते गावभर शोधत फिरेल, म्हणाला.

संध्याकाळी ठिपका ताटाएवढा. ऑर्विल बंदूक घेऊन कुरणात गेला. दोन बार ऐकले. मग तो जमिनीवरून उचलला गेला — किंचाळत — आधी बूट पडले. मग बाकीचा, तुकड्या-तुकड्यांनी.

मेव्हिस ॲप्रनमध्ये वेचत होती. माझ्याकडे बघत.

१० सप्टेंबर

मेव्हिसनं पायचा मोठा तुकडा आणून दिला. पहिली तूच ओरडलीस पोरी, मान तुझाच, म्हणाली. हसली.

ती गेल्यावर दाराला बाहेरून खिळे ठोकले. खिडकीला फळ्या.

दार फोडायला गेले. नखं उलटली —

संध्याकाळ

छपरावर कुणीतरी चढलं. माझा टॉर्च खोलीत नाही; तोच तिथं बांधलाय, छताच्या भेगेतून उजेड झिरपतोय. चालू.

खिडकीच्या फळ्यांच्या फटीतून दिसतंय — अंगणात खुर्च्या मांडल्यात. सगळं गाव बसलंय. मेव्हिस पुढच्या रांगेत.

छापील वेळ अजून झालेली नाही.

उजेड. तीनदा —

छत वाकतंय. हाडात कळ — मी ओरडतेय, एकेकाचं नाव घेऊन ओरडतेय, पण कुणी मान वर —