सीझन पुढं गेलाय

उस्ताद, तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमचे हात आठवावे लागतात. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, आणि कितीही घासलं तरी बोटांच्या पेरांतलं ग्रीस जात नसे. तिथून मग हळूहळू वर येतो, तेव्हा कुठं पांढरी दाढी दिसते, डोळे दिसतात. काल संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकेतल्या शर्यतींच्या गाड्या दाखवत होते. सीझन सुरू व्हायला अजून अवकाश होता, नुसती तयारी चालली होती. बाहेरून रस्त्यावरच्या साध्या मोटारीसारखी दिसणारी गाडी, आतून सगळं उपसून काढलेली, दारं वेल्डिंग करून बंद, आणि ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतोय. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण सौदीला असली गाडी बनवलेली ना?" मी हो म्हटलं. "मग जिंकलात का?" मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगीचच चहा टाकला. तुम्हाला मी आजवर एकदाही पत्र लिहिलं नाही. जिवंत होतात तेव्हा तर नाहीच.

जुबैलला मी उतरलो तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात दहा-एक वर्षं वेल्डिंग करून झाली होती, लग्न झालं होतं, पण परका मुलूख पहिलाच. ज्या अरब मालकाच्या व्हिसावर आलो, त्या कफीलचं गॅरेज म्हणजे कारखान्यांच्या भागातली पत्र्याची लांबलचक शेड, पुढं ट्रक उभे. कुणाशी काय बोलावं कळेना. तेवढ्यात एका ट्रकखालून आवाज आला, "कोल्हापूरचा काय रे तू? मग माझं कालवण तुला अळणीच लागणार." ते तुम्ही. रत्नागिरीकडचे, गॅरेजचे फोरमन, अरबी आणि इंग्रजी दोन्ही बोलणारे. आपल्या खोलीच्या स्वयंपाकघरात तुम्ही जमिनीवर बसून सुरमई कापायचात, घरून आणलेली आमसुलं घालायचात, तांदळाची भाकरी थापायचात. आम्ही मटण खाणारी माणसं. मासा कसा खायचा, काटा जिभेनं कसा शोधायचा, हे मला तुम्ही शिकवलंत. माझे वडील मी लहान असताना गेले होते. तुम्हाला मी उस्ताद म्हणायचो, पण मनात काय म्हणायचो ते तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असल्याशिवाय तुम्ही ते केलंच नसतं.

शहराबाहेर, खारवट मैदानात मातीचा एक लंबगोल रस्ता होता. हिवाळ्यात कंपन्यांचे गोरे इंजिनिअर तिथं जुन्या अमेरिकन मोटारी पळवायचे. आधी ती नुसती हौस होती. पण येत्या हिवाळ्यात रीतसर सीझन होणार, पगारी ड्रायव्हर, चार टीम, गाड्यांवर दुकानांची नावं, असं ठरलं आणि आपल्या कफीलनं एक टीम घेतली. ड्रायव्हर म्हणून तुम्ही माझं नाव सांगितलंत. बाकीचे हसले. एकदा माझ्या हातून वाळूवर पिकअप घसरली होती तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही कफीलला म्हणालात, "गाडी सरकली की माणसं घाबरतात. हा हसतो." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस तरंगत होतो.

त्या उन्हाळ्यात, मी रजेवरून परतल्यावर, आपण ती गाडी बांधली. आठ सिलिंडरची जुनी, अवजड मोटार. सीटा काढल्या, काचा काढल्या, आतून जाड पाइपांचा पिंजरा उभा केला. शर्यतीत गाडी फक्त डावीकडेच वळणार, म्हणून उजव्या पुढच्या चाकाला जाड स्प्रिंग, वजन होईल तेवढं डाव्या अंगाला. खडीवाल्याच्या ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर तुम्ही ती आधी पुढची चाकं ठेवून तोलायचात, मग डावीकडची, मग परत. खडीवाला वैतागायचा आणि तुम्ही त्याला खजूर द्यायचात. एकदा पिंजऱ्याच्या एका जोडाची मागची बाजू मी तशीच सोडली, दिसत नव्हती म्हणून. तुम्ही आरसा घालून बघितलंत. सगळ्यांसमोर माझ्या हातातला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतलात. "हा पाइप कुणाच्या डोक्यावर आहे? माझ्या? तुझ्या डोक्यावर आहे, गाढवा. दुसऱ्याची गाडी समजून काम करतोस?" मी तो जोड कापून पुन्हा केला. पुढच्या शुक्रवारी तुम्ही दम्मामला गेलात आणि माझ्यासाठी लाल हेल्मेट घेऊन आलात. "घालून बघ," एवढंच म्हणालात आणि चुलीकडे वळलात.

आणि मग ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. सरहद्दीवरच्या खफजीच्या रस्त्यानं माणसांनी आणि गाद्यांनी लादलेल्या गाड्या येऊ लागल्या. त्यातल्या कितीतरी आपण फुकट दुरुस्त केल्या. बंदरात अमेरिकन सैन्य उतरलं. गावाकडं आईला वाटलं आम्ही सगळे मेलोच. शेजाऱ्यांच्या फोनवर ती नुसती रडायची. मी तुम्हाला म्हणालो, "उस्ताद, मला घरी जायचंय. कफीलकडून पासपोर्ट आणि देश सोडायचा एक्झिटचा शिक्का मिळवून द्या." तुम्ही भाकरी उलटत होतात. तव्यावरून नजर न काढता म्हणालात, "आत्ता गेलास तर परत येणं नाही. सीझन पुढं गेलाय, रद्द नाही झालेला. सीट तुझी आहे. ज्या दिवशी वाटेल जावं, त्या दिवशी मला सांग, मी स्वतः तुला विमानात बसवतो." मी बायकोला फोन करून सांगितलं, काळजी करू नको, उस्ताद आहेत.

मैदानावर लष्कराचे तंबू पडले. तुम्ही म्हणालात, सीझन डिसेंबरात. आपण एका बंद पडलेल्या रस्त्यावर पहाटे गाडी पळवायला लागलो. तुम्ही वळणावर उभे राहायचात आणि मी थांबलो की खिडकीत वाकून बोलायचात. किती लवकर पाय काढलास, चाक किती घुसलं, कान कुठं होते तुझे. दुसऱ्या एका टीमचा फिलिपिनो ड्रायव्हर बाजारात भेटला, बॅगा विकत घेत होता. मला बघून त्यानं हात गळ्यावरून फिरवला आणि म्हणाला, "फिनिश." मी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे गाडीच धड नाही, पळून चाललेत. आपल्याला बरंच." डिसेंबर गेला. सीझन पुढं गेलाय, जानेवारीअखेर. मी विश्वास ठेवला. आज सगळ्या खुणा एका ओळीत दिसतात, तेव्हा एकही दिसली नाही. दिसली नाही असंही नाही. तुम्ही बोललात की ती दिसायची बंद व्हायची.

जानेवारीतली ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलाय. हातात लहान बॅग. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणता, "दम्मामला जातोय, गिअरबॉक्सचा माणूस भेटणार आहे. दुपारपर्यंत येतो. इंजिन गरम करून ठेव, आज लांबची चक्कर मारू." मी हेल्मेट घालून तयार. इंजिन गरम करतो, बंद करतो. दुपार होते. परत गरम करतो. वाटतं, चेकपोस्टवर अडकले असतील. संध्याकाळी खोलीवर जातो तर तुमच्या कपाटात नुसते हँगर. आमसुलांची बरणी तेवढी ठेवलेली, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कफीलच्या ऑफिसात गेलो. तो खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून घेत होता. मी विचारलं, उस्ताद कुठं?

"उस्ताद इंडिया गया. छुट्टी."

"और सीझन?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला लाज वाटली. "सीझन खलास. कब का खलास. ठंडी आने के पहले. उस्ताद को मालूम."

"फिर गाडी? हम रोज सुबह..."

"मैं बोला, एक्झिट एक को मिलेगा. सब जाएगा तो गॅरेज कौन देखेगा, ट्रक कौन देखेगा? उस्ताद बोला, ये रहेगा. इसको गाडी बनाने दो. ये कहीं नहीं जाएगा." मग जरा थांबून, बहुतेक दया येऊन, तो म्हणाला, "यल्ला, काम करो. चाय पियो."

मी बाहेर आलो आणि गाडीजवळ उभा राहिलो. हे मला जनावरासारखं बांधणं होतं, उस्ताद. आणि दावं मी स्वतः वळलं होतं, जोडाची मागची बाजूसुद्धा नीट करून.

लढाई सुरू झाली. भोंगे वाजायचे, विषारी वायूच्या धास्तीनं दाराच्या फटीत आम्ही ओले टॉवेल कोंबायचो, आणि दिवसा लष्कराला पाणी पुरवणारे टँकर दुरुस्त करायचो. भीतीबद्दल काय लिहू, सगळ्यांनाच होती. पण बाकीच्यांना नुसती क्षेपणास्त्रांची भीती होती. मी भोंगा थांबल्यावरही तुमच्या रिकाम्या कपाटाकडं बघत जागा राहायचो. बायकोला फोन लागला तेव्हा तिनं विचारलं, "उस्ताद आहेत ना सोबत?" मी हो म्हणालो.

लढाई संपली त्या मार्चमध्ये कुवेतच्या विहिरी जळत होत्या आणि वारा फिरला की भरदुपारी दिवे लावायला लागायचे. तंबू उठले होते. एका शुक्रवारी मी कफीलला विचारून गाडी त्या मातीच्या रस्त्यावर नेली. रणगाड्यांनी एक बाजू उखडून टाकली होती, पण तेवढी टाळून फिरता येत होतं. मी ती चालवली. मनात होतं की कुठंतरी आपटावी. पण उस्ताद, ती गाडी काय वळली! वळणात शिरताना मागचं अंग जरासं सुटायचं आणि आपणहून सावरायचं, जसं तुम्ही मला तोंडी सांगितलं होतं तसं. कुठंही खुळखुळ नाही, कुठंही वाचवलेलं काम नाही. आमिष म्हणून द्यायची होती तर निम्म्या कामात भागलं असतं, मला काय कळणार होतं? मी ज्याच्या जिवावर पुढं उद्यमनगरात स्वतःची शेड टाकली, मुलं शिकवली, ते सगळं शिक्षण मला त्या चार-पाच महिन्यांत मिळालं, ज्या महिन्यांत तुम्ही रोज सकाळी माझ्याशी खोटं बोलत होतात. त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे मला वेगळं करता आलं नाही.

पुढच्या रजेत मी तुमच्या गावी आलो. शिव्या द्यायला आलो होतो, बसमध्ये त्यांची उजळणी केली होती. तुम्ही अंगणात होडीचं इंजिन उघडून बसला होतात. मान वर करून म्हणालात, "आलास? जेवून जा." भाभींनी पानं वाढली. जेवताना मी विचारलं, "का केलंत?" भाभी आत गेल्या.

तुम्ही माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवलात. मग म्हणालात, "भीती वाटली. तुला वाटत नव्हती. म्हणून तुझं नाव दिलं."

"मला विचारायचं होतंत. तोंडावर. मी थांबलो असतो तुमच्यासाठी."

"आणि नाही म्हणाला असतास तर?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. तुम्ही माफी मागितली नाहीत. हात धुताना हळूच विचारलंत, "रेडिएटर टिकला का रे?" आणि मी, शिव्या द्यायला आलेला माणूस, तासभर तुम्हाला ती गाडी कशी वळली ते सांगत बसलो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. निघताना मी पाया पडलो नाही. तुम्ही वाट बघितलीत, ते मला दिसलं. त्यानंतर आपण भेटलो नाही, आणि काही वर्षांनी तुम्ही गेल्याचं तुमच्या भाच्याकडून कळलं. मी त्या दिवशी शेड बंद ठेवली नाही.

आता तुमच्या घरात तुमची मुलगी राहते म्हणे. तिच्या नावानं हे पाठवता येईल, पण तिच्या वडलांबद्दल हे तिनं का वाचावं? तेव्हा हे इथंच राहील. एक मात्र सांगायचं आहे. गेली तीस वर्षं मी बायकोला, मित्रांना, स्वतःला हेच सांगत आलो की त्यांनी विचारलं असतं तर मी आनंदानं थांबलो असतो, त्यांनी मला ओळखलंच नाही. आज हे लिहिताना ते वाक्य लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. मी नाही म्हणालो असतो, उस्ताद. आई रडत होती, बायकोला दिवस गेले होते. नाहीच म्हणालो असतो.