हसायचा शॉट

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. भिवंडीत उतरल्यावर इचलकरंजीच्या बाईला माहेरी आल्यासारखं वाटलं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण धामणकर नाक्याला रिक्षातून उतरले, बाजूच्या गल्लीतून लूमचा खडखडाट कानावर आला आणि जिवाला बरं वाटलं. अगदी आमच्या गल्लीतला आवाज. बाकी गाव म्हणजे ट्रक, धूळ आणि परत ट्रक.

खोली राहनाळला, आक्कांच्या घरात. त्यांच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभी आहेत, भाडं येतं, तरी मासळी स्वतःच्या हातानं साफ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कुठल्या मालिकेत काम आहे विचारलं. म्हटलं, ‘वॉर्डात वरात’. डॉक्टरांची विनोदी मालिका आहे, शेजारच्या वळ गावातल्या गोडाऊनमध्ये हॉस्पिटलचा सेट लावलाय. आक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, खऱ्या दवाखान्यात डॉक्टर दिसत न्हाय, नि गोडावनात मात्र रांगेनं बसलेत.

सेट बघून मीही थक्क झाले. खाटा, सलाईन, औषधांचा वाससुद्धा. खिडक्या तेवढ्या खोट्या. त्यांच्यामागे निळ्या आभाळाचं फ्लेक्स आणि त्यावर दिवे, म्हणजे आत कायम सकाळ. बाहेर संध्याकाळ होऊन गेलेली मला कळलीच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझं काम म्हणजे पाच नंबरच्या खाटेवरच्या काकू. बोटात अंगठी अडकली म्हणून दवाखान्यात आली आणि डॉक्टर मंडळी तिला घरी पाठवायचंच विसरली. दर भागात काकू उठून विचारते, माझा डिस्चार्ज कुठाय? की हशा. हा हशा आधीच रेकॉर्ड केलेला असतो. आमचा दिग्दर्शक मनोज तो शूटिंगच्या वेळीच स्पीकरवर लावतो, म्हणजे आम्ही पुढचं वाक्य घाईनं बोलत नाही. उभी हयात एकांकिका केल्या तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, आता चहावाला डिस्चार्ज मिळाला का विचारतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

तेवीस तारखेला रितिकाचा साखरपुडा. हे गेल्यापासून पोरीला मी एकटी आणि मला ती. एकोणीसला निघायचं, हे मी पहिल्याच दिवशी मनोजच्या कानावर घातलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घोडं अडलं. मनोज म्हणतो, काकू आत्ता कशा जाणार, लोकांना तुम्हीच हव्यात. मीही ऐकून घेणारी नव्हे. पोरीच्या साखरपुड्याला आई नसेल तर तुझ्या मालिकेला आग लाव, असं तोंडावर सांगितलं. तासाभरात लेखकानं तोड काढली. काकूला डिस्चार्जचा कागद मिळतो आणि आनंदाच्या भरात तिथल्या तिथे ती खलास होते. मी पोट धरून हसले. मरून का होईना, सुटका झाली.

हार घालायला माझा फोटो मागितला. फोनमधला हिरव्या साडीतला दिला. रितिकानं काढलेला, झकास आलाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेले एकदाची. छान मेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एकच गोष्ट राहिली. आमच्या धंद्यात रीत आहे. मेल्याचा शॉट दिला की तिथंच उठून बसायचं, कॅमेऱ्याकडे बघून खदखदून हसायचं आणि तेही शूट करायचं. त्याशिवाय खाटेवरून उतरायचं नाही, नाहीतर मरण अंगाला चिकटतं म्हणतात. आजचं मरण झालं आणि नेमकी वीज गेली, जनरेटरही बसला. मनोज म्हणाला, उद्या घेऊ. मेकअप करणारी रमशा माझा हात सोडेना. आंटी, ऐसे मत उतरो, लाईट येऊ द्या, तोपर्यंत पडून राहा, असं कळवळून म्हणाली. पण रितिकाची साडी फॉल-पिकोला टाकलेली, नाक्यावरचं दुकान बंद झालं असतं. मी म्हटलं, अगं, आठवडाभर हसतेच आहे, एक शॉट कमी पडला म्हणून काय झालं? आणि उतरले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

या गावच्या लोकांना काय झालंय कोण जाणे. काल साडीवाल्यानं मला तिष्ठत ठेवलं आणि मागून आलेल्यांची गिऱ्हाइकी केली. शेवटी मीच साडी उचलली. त्यानं अडवलंही नाही.

आज शेअर रिक्षात बसले तर रिक्षावाला एक सीट खाली, एक सीट खाली म्हणून ओरडतोय. त्या सीटवर मी बसलेली. चांगली हजेरी घेतली मी त्याची. पठ्ठ्यानं मान वळवली नाही. मग एक जाडा माणूस आला आणि सरळ माझ्यावरच बसायला लागला. उतरून चालत आले.

आक्काही गप्प आहेत. अशी सवय नाही त्यांची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या मरणाच्या भागाची जाहिरात लागली. हार घातलेला माझा फोटो कुण्या शहाण्यानं उचलून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मग काय, रांगच लागली. आधी हसू आलं. मग वाचलं की रितिकाच्या सासरच्यांनी सुतक धरायचं का, साखरपुडा पुढे ढकलायचा का, असं विचारलंय. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच.

पोरीला फोन लावला. तिनं उचलला. आई, आई, आवाज येत नाही, म्हणत राहिली. मी गळा ताणून ओरडत होते. ती रडायला लागली. मेसेज करतेय तर जात नाहीत.

खाली आक्का शेजारणीला सांगत होत्या, बाई चांगली होती, पर न सांगता गेली, खोली रिकामी हाय. मी जिन्यात उभी होते. त्यांच्यासमोर.

भीती वाटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच वळला चालत गेले. म्हटलं, हसायचा शॉट देऊन टाकू, मग सगळं सुरळीत होईल. कुणी वळून बघितलं नाही, बोलवलंही नाही. दुसऱ्याच सीनसाठी कॅमेरा चालू होता. मी मधे जाऊन उभी राहिले आणि हसले. घसा दुखेपर्यंत हसले. मग जाऊन मॉनिटर बघितला.

त्यात मी उभी नव्हतेच. मागे पाच नंबरवर पडले होते. डोळे मिटलेले, कपाळावरचं कुंकू पुसट झालेलं.

पळाले. शटरखालून बाहेर आले तर वॉर्ड. मेकअपरूमच्या मागच्या दारानं गेले — वॉर्ड. चहावाला किटली घेऊन बाहेर चालला होता, त्याच्या पाठीला पाठ लावून गेले. तो गेला. मी वॉर्डात.

तारीख —

कळत नाही. आभाळ निळंच आहे. फोन बंद पडला. भूक नाही, हेच वाईट.

खाटेवर असले तरच पेन हातात राहतं. उतरले की निसटतं.

रमशा माझ्या पायाशी बसून वडापाव खाते. मी तिच्या कानात सांगते, अगं, शॉट घ्या, माझा शॉट घ्या. तिला शहारा येतो. ती एसी कमी करायला सांगते.

—

माझा डिस्चार्ज कुठाय?

विचारलं, मोठ्यानं. स्पीकरवर हशा झाला. तो कुणी लावला नव्हता. सगळे जेवायला गेले होते.

—

साखरपुडा व्हायला हवा. मी नसले तरी चालेल. माझ्यावाचून अडू नये पोरीचं. एवढंच —

—

रितिका आलीय.

माझी रितिका. मला शोधत आलीय. डोळे सुजलेत. मनोजला सांगतेय, साखरपुडा उद्यावर आलाय, आईचा पत्ता नाही, आक्का म्हणतात न सांगता गेली, पोलिसांत जायचंय. मी इथे आहे गं. इथेच.

मनोज तिला पाणी देतो. गाडी देतो म्हणाला, पोलीस ठाण्यापर्यंत माणूस देतो. फक्त एक मदत कर. काकूंचा चादर ओढलेला वरून शॉट राहिलाय, आज पाठवायचाय. तुझा बांधा आईसारखाच आहे. तोंड दिसणार नाही, दोन मिनिटं पड.

रमशा मधे पडली. हसायचा शॉटही घेणार ना, म्हणून विचारतेय. मनोज म्हणतो, तोंड झाकलंय, त्याला कसलं हसणं? आणि रडणारी पोर हसेल कशी?

नको रितिका. जा. पोलिसांत जा, घरी जा —

बसली. माझ्या खाटेवर. माझ्यातच. तिचे हात गार आहेत.

पडली. चादर ओढली. आतून रडतेय, चादर हलतेय. मनोज म्हणतो, हलू नकोस, झालंच. ती हलायची थांबली.

शॉट झाला.

उठ बाळा. उतरू नकोस. आधी हस. चादर काढ आणि त्या कॅमेऱ्याकडे बघ. कसंही हस. खोटं हस. रमशा, कॅमेरा बंद करू देऊ नकोस —

मी गुदगुल्या करतेय तिला. लहानपणी करायचे तशा, काखेत. तिथे हमखास हसायची. हस गं. उद्या साखरपुडा आहे, साडी राहनाळला खोलीवर आहे, फॉल लावून आणलीय —

दिवे मिचमिचतायत.

हस, रितिका, एकदा, लाईट जायच्या आ